छोट्या राजकीय पक्षाला ज्ञानकोशात स्वतंत्र लेख द्यावा का? तपासण्याची रीत

एखाद्या छोट्या राजकीय पक्षावर विकिपीडियात पान तयार होते, कुणीतरी ते वगळण्याचा साचा (पान काढावे अशी सूचना देणारी पाटी) लावतो आणि चर्चापानावर ठरलेला वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, पक्ष निवडणूक आयोगाकडे नोंदलेला आहे, मग लेख हवाच. दुसरा म्हणतो, झाडून सगळ्या उमेदवारांच्या अनामती जप्त झाल्या, मग लेख कशाला? दोघेही भलतेच मोजत असतात.

मोजायचे ते एवढेच. पक्षाशी लागाबांधा नसलेल्या, भरवशाच्या लोकांनी त्या पक्षाबद्दल इतके लिहिले आहे का, की नुसत्या त्या लिखाणावरून धड लेख उभा राहील? पक्षाचे संकेतस्थळ, जाहीरनामा, नेत्यांची भाषणे आणि समाजमाध्यमांवरची पाने बाजूला काढा. मग हातात जे उरते, त्यावर निर्णय घ्यायचा. याला उल्लेखनीयता म्हणतात. पक्ष चांगला की वाईट, वाढतोय की मरतोय, याच्याशी तिला देणेघेणे नाही.

पुढची रीत विकिपीडियाच्या नियमांवर बेतलेली आहे. इंग्रजी विकिपीडियात राजकीय पक्षांसाठी वेगळा निकष नाही. त्यांना सर्वसाधारण निकष लागतो आणि संस्थांसाठीचा जास्त कडक निकषही लागतो. जर्मन विकिपीडियाने विषयवार लेखी निकषांची लांबलचक यादी केली आहे. लहान भाषांच्या प्रकल्पांत नियम त्रोटक असतात आणि बरेचसे प्रचालकांच्या (पाने वगळण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांच्या) व जुन्या सदस्यांच्या समजुतीवर चालते. म्हणून आधी आपल्या प्रकल्पाचे उल्लेखनीयतेचे पान वाचून घ्या. स्रोत शोधायची आणि तोलायची पद्धत मात्र कुठेही तीच राहते.

नोंदणीवरून काय कळते, काय नाही

पक्ष नोंदवणे बहुतेक लोकशाही देशांत मुद्दाम सोपे ठेवलेले असते, कारण पक्ष काढणे हा नागरिकांचा हक्क आहे. भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९ अ खाली स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो आणि किमान १०० सदस्य मतदार म्हणून नोंदलेले असावे लागतात. ब्रिटनमध्ये नोंदणीचे शुल्क १५० पौंड आहे. ऑस्ट्रेलियात संसदेत कुणी नसलेल्या पक्षाला ५०० सदस्य दाखवले तरी चालत होते; २०२१ मध्ये ती अट १,५०० वर नेली. यातला कुठलाच उंबरठा ‘या पक्षाबद्दल कुणी काही लिहिले आहे’ असे सांगत नाही.

नोंदवलेल्या पक्षांतले कितीतरी फक्त कागदावर असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या निवडणूक आयोगाने ३३४ नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष यादीतून काढले. २०१९ पासूनच्या सहा वर्षांत त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती आणि त्यांची कार्यालये दिलेल्या पत्त्यावर सापडत नव्हती. ते काढल्यावरही अशा पक्षांची संख्या २,५२० उरली. जर्मनीत सलग सहा वर्षे संघराज्य किंवा राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक स्वतःच्या उमेदवारांसह न लढवणाऱ्या संघटनेचा ‘पक्ष’ हा कायदेशीर दर्जाच जातो. नोंदवहीतल्या प्रत्येक नावाला एक लेख दिला तर ज्ञानकोशाची दूरध्वनी निर्देशिका होईल.

नोंदणी आणि मान्यता यांत गल्लत करू नका. भारतात राज्य पक्षाची मान्यता मिळवायचा एक मार्ग म्हणजे विधानसभा निवडणुकीत राज्यातली ६ टक्के वैध मते आणि दोन आमदार. इतकी मजल मारलेल्या पक्षाबद्दल वर्तमानपत्रांनी आणि अभ्यासकांनी लिहिलेले असणारच. तरीही मान्यता हा पुरावा नव्हे, स्रोत सापडतील असा अंदाज आहे. स्रोत शोधून दाखवावेच लागतात.

नोंदवहीचा खरा उपयोग निर्णय झाल्यावर होतो. अधिकृत नाव, नोंदणीची तारीख, चिन्ह, यादीतून काढल्याची तारीख या गोष्टी तिथून निर्धास्त घ्याव्यात.

मतांचा आकडा का फसवतो

२०१३ च्या ऑस्ट्रेलियन निवडणुकीत मोटरिंग एन्थुझिअस्ट पार्टीला व्हिक्टोरिया राज्यात सिनेटसाठी पहिल्या पसंतीची अवघी ०.५१ टक्के मते पडली. पसंतीची मते एकाकडून दुसऱ्याकडे जात जात पक्षाचे रिकी म्युअर सिनेटर झाले. ही मते एकमेकांकडे वळवण्यासाठी छोट्या पक्षांनी आपापसांत केलेल्या वाटाघाटींवर ढिगाने लिहिले गेले आणि २०१६ मध्ये सिनेटची मतदान पद्धतच बदलली. अर्ध्या टक्क्याच्या पक्षावर भरभक्कम लेख होतो, तो या लिखाणामुळे.

मे १९९० मध्ये इंग्लंडातल्या बूटल मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ऑफिशियल मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी या विनोदी पक्षाच्या डेव्हिड सच यांना ४१८ मते मिळाली. माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पार्टीला १५५. थोड्याच दिवसांत ओवेन यांचा पक्ष विसर्जित झाला. ४१८ हा आकडा नगण्यच, पण त्या निकालाबद्दल पुस्तकांत लिहिले गेले आणि आजही लिहिले जाते.

उलट बाजूही तितकीच खरी. एखादा पक्ष चाळीस जागा लढवतो, सगळ्या मिळून पन्नास-साठ हजार मते घेतो, आणि त्याच्याबद्दल निकालाच्या तक्त्यातल्या ओळीपलीकडे कुठेही एक वाक्य सापडत नाही. त्याच्यावर लेख लिहायला बसले की दुसऱ्या परिच्छेदात काय लिहावे, हेच सुचत नाही. मग लिहिणारा पक्षाच्या जाहीरनाम्याकडे वळतो आणि पान पत्रक होऊन बसते.

शोध कसा घ्यावा

पहिले काम नावांची यादी. पक्ष, पार्टी आणि दल हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, ‘अखिल भारतीय’ कधी लागते कधी गळते, आद्याक्षरे वेगवेगळी होतात. शेतकरी कामगार पक्ष म्हणून शोधून थांबलात तर ‘शेकाप’, ‘पीझंट्स अँड वर्कर्स पार्टी’ आणि ‘पीडब्ल्यूपी’ हातचे जातील. पक्षाची आधीची नावे, विलीनीकरणानंतरचे नाव, संस्थापकाच्या नावाने ओळखला जाणारा गट आणि चिन्हावरून पडलेले टोपणनावही लिहून ठेवा. रोमन लिपीतले प्रत्येक वेगळे स्पेलिंग स्वतंत्रपणे शोधा. शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर ‘जनता’ आणि ‘विकास’ असलेली सगळी दुनिया समोर येते.

दुसरे काम काळाचे. छोट्या पक्षाबद्दल वर्षभर लिहिले जात नाही. चारच प्रसंगी लिहिले जाते: स्थापना, पहिली निवडणूक, फूट किंवा विलीनीकरण आणि कोर्टकचेरी. त्या त्या महिन्यांपुरता शोध मर्यादित करा. सरसकट शोधात हरवलेली बातमी तीन महिन्यांच्या खिडकीत लगेच सापडते.

तिसरे, जागा. वर्तमानपत्रांचे डिजिटल अंक आणि जुने खंड, राज्यशास्त्राच्या नियतकालिकांतले निवडणूक विश्लेषण, प्रदेशाच्या राजकारणावरची पुस्तके आणि प्रबंध. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगा या भांडारात मिळतात आणि त्यांत छोट्या पक्षांवर अनपेक्षितपणे पूर्ण प्रकरणे निघतात. पुस्तकाच्या शेवटची सूची आधी पाहा: पक्षाच्या नावापुढे ‘२१४-२२१’ असे असेल तर काम झाले, ‘९७’ एवढेच असेल तर तो बहुधा ओझरता उल्लेख. न्यायालयीन निकालही शोधा. निकाल स्वतः प्राथमिक स्रोत (मूळ कागद, त्यावरचे विश्लेषण नव्हे) ठरतो, पण गाजलेल्या निकालावर कायद्याच्या अभ्यासकांनी लिहिलेले असते. कॅनडाची कम्युनिस्ट पार्टी याचे चांगले उदाहरण आहे. किमान ५० उमेदवार उभे करण्याची अट न पाळता आल्याने १९९३ मध्ये तिची नोंदणी गेली. पक्षाचे नेते मिगेल फिगेरोआ न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली. त्या निकालावरचे लिखाण निवडणूक कायद्याच्या अभ्यासात आले. निकालपत्रकात ते कधीच दिसले नसते.

आंतरजालापूर्वीच्या पक्षांबाबत एक सावधगिरी. ऑनलाइन काही सापडले नाही, म्हणजे लिहिलेच गेले नाही, असे होत नाही. १९५०-६० च्या दशकांतल्या पक्षासाठी ग्रंथालयात गेल्याशिवाय ‘स्रोत नाहीत’ असा निर्वाळा देऊ नये. आताच्या पक्षाला ही सवलत नाही. २०१५ नंतर स्थापन झालेल्या पक्षाबद्दल जालावर काहीच नसेल तर छापील स्रोतांचा खजिना कुठेतरी दडलेला असण्याची शक्यता फारच कमी.

स्रोत तोलणे

इथेच सगळा निकाल लागतो, म्हणून सावकाश करा. एक तक्ता आखा. प्रत्येक स्रोताला एक ओळ आणि चार रकाने: स्वतंत्र आहे का, विश्वसनीय आहे का, पक्षाबद्दल सविस्तर आहे का, दुय्यम आहे का. चारही रकान्यांत ‘हो’ आले तरच तो स्रोत मोजायचा. तीन ‘हो’ आणि एक ‘नाही’ म्हणजे पाऊण स्रोत होत नाही, शून्य होतो. असे तीन पाऊण स्रोत जोडून सव्वादोन करण्याचा मोह चर्चेत नेहमी दिसतो.

स्वतंत्र: लेखकाचा, प्रकाशकाचा आणि मजकुराचा पक्षाशी संबंध नसावा. पत्रकार परिषदेची बातमी इथेच गळते. ‘पक्षाध्यक्ष म्हणाले’, ‘त्यांनी पुढे सांगितले’, ‘असेही ते म्हणाले’ एवढ्यावर उभी असलेली बातमी छापली वर्तमानपत्राने, पण बोलतो पक्षच. मुलाखतही तशीच. मुलाखतीच्या आधी वार्ताहराने स्वतः लिहिलेले चार परिच्छेद असतील तर तेवढेच मोजा. निवडणुकीच्या हंगामात पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्या हा आणखी मोठा धोका. त्या ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: बातमीदाराचे नाव नसते, भाषा गौरवाची असते, विरोधी बाजू नसते, आणि तोच मजकूर जवळपास शब्दशः दुसऱ्या वर्तमानपत्रात सापडतो. शंका आली की त्यातले एक लांब वाक्य उचलून शोधा.

विश्वसनीय: संपादन होते का, चूक झाली तर दुरुस्ती छापतात का, एवढे पाहा. स्वतःच्या पैशाने छापलेले पुस्तक, ब्लॉग, कुणीही माहिती भरू शकेल अशी संकेतस्थळे बाद. एक सापळा खास सांगायला हवा. पान दोन-तीन वर्षे विकिपीडियावर राहिलेले असले की त्याची वाक्ये बातम्यांत, उमेदवार-परिचयांत आणि कधी पुस्तकांतही उतरतात. मग तीच बातमी पानाला संदर्भ म्हणून लागते. पानाच्या इतिहासात ते वाक्य कधी आले ते पाहा. स्रोताची तारीख त्यानंतरची असेल आणि शब्दरचना मिळत असेल तर स्रोत सोडून द्या.

सविस्तर: स्रोत हाताशी घ्या आणि त्यातून पक्षाबद्दल वेगवेगळी किती विधाने लिहिता येतात ते मोजा. स्थापना कुणी आणि का केली, कुठल्या गटाचा आधार होता, कुणाशी युती झाली, काय फसले, अशी पाच-सहा निघाली तर स्रोत कामाचा. ‘याशिवाय अमुक, तमुक आणि ढमुक हे पक्षही रिंगणात आहेत’ यातून एकच विधान निघते. अशा तीस याद्या जोडल्या तरी तेच एक विधान राहते. मथळ्यात पक्षाचे नाव असणे पुरेसे नाही. ‘अमुक पक्षाच्या उमेदवारावर गुन्हा’ ही बातमी बहुतेकदा उमेदवाराची असते.

दुय्यम: निकालाचे तक्ते, शपथपत्रे, नोंदणीचे आदेश, हिशेबाची विवरणे हे प्राथमिक कागद आहेत. माहितीसाठी उत्तम, उल्लेखनीयतेसाठी निरुपयोगी. हव्या त्या ओळी, ज्यांत कुणीतरी विश्लेषण केले आहे.

दोन बारीक नियम हमखास विसरले जातात. वृत्तसंस्थेची एकच बातमी आठ वर्तमानपत्रांनी घेतली तर तो एकच स्रोत. आणि इंग्रजी विकिपीडियाच्या संस्था-निकषानुसार फक्त एका गावापुरत्या माध्यमांतले उल्लेख पुरत नाहीत. निदान एक स्रोत प्रादेशिक किंवा राष्ट्रीय आवाक्याचा लागतो.

किती स्रोत हवेत? नियम ‘एकाहून अधिक’ म्हणतो, आकडा देत नाही. आमच्या मते चारही रकाने पार केलेले तीन स्रोत असावेत आणि ते सगळे एकाच महिन्यातले नसावेत. स्थापनेच्या आठवड्यात तीन दैनिकांनी एकाच घोषणेवर लिहिले तर ती घटना एक आहे. दोन वर्षांनी कुणीतरी परत त्या पक्षाकडे वळून पाहिले, की पाया पक्का होतो.

अडचणीची प्रकरणे

नेता मोठा, पक्ष लहान. माजी मंत्री नवा पक्ष काढतात, एक निवडणूक लढतात, परत जुन्या पक्षात जातात. बातम्या भरपूर, पण सगळ्या नेत्याच्या हालचालींच्या. उल्लेखनीयता नेत्याकडून पक्षाकडे वारशाने येत नाही. नेत्याच्या लेखात एक विभाग करा आणि पक्षाच्या नावावरून तिथे पुनर्निर्देशन द्या, म्हणजे ते नाव उघडले की वाचक आपोआप त्या लेखावर पोहोचेल. वाचक पक्षाचे नाव टाकून शोधतो तेव्हा त्याला हवी ती माहिती तशीच मिळते.

फुटीर गट. हे सगळ्यांत किचकट. रिपब्लिकन पार्टी ऑफ इंडिया १९५७ मध्ये स्थापन झाली आणि पुढे नेत्यांच्या नावाने ओळखले जाणारे कितीतरी गट तिच्यातून निघाले. काहींनी आमदार-खासदार, मंत्री दिले. काही पत्रकापलीकडे गेले नाहीत. इथे ‘एकाला लेख आहे म्हणून सगळ्यांना’ हा न्याय लावू नका. मूळ पक्षाच्या लेखात फुटींचा कालक्रम लिहा. गट वेगळा झाल्यानंतरच्या त्याच्या कामाबद्दल स्वतंत्र स्रोत असतील तेव्हाच त्याला वेगळे पान द्या. फुटीच्या आधीचे स्रोत मूळ पक्षाच्या खात्यात जातात. ‘खरा पक्ष कोणता’ याचा निवाडा ज्ञानकोशाने करायचा नसतो. भारतात चिन्हाचा वाद निवडणूक चिन्हे आदेश १९६८ च्या परिच्छेद १५ खाली आयोग सोडवतो. आयोगाचा निर्णय काय आणि त्यावर न्यायालयात काय चालले आहे, तेवढे नोंदवा.

फक्त एका शहराचा पक्ष. आइसलँडमध्ये विनोदी कलाकार योन ग्नार यांनी काढलेल्या बेस्ट पार्टीने २०१० च्या रेक्याविक महापालिका निवडणुकीत १५ पैकी सहा जागा जिंकल्या आणि ग्नार महापौर झाले. पक्ष एका शहरापुरता, पण त्याबद्दलचे लिखाण देशाबाहेर पोहोचले. नगरपालिकेपुरत्या बहुतेक आघाड्यांच्या वाट्याला असे काही येत नाही. त्यांची जागा त्या नगरपालिकेच्या निवडणुकीच्या लेखात.

विनोदी पक्ष. गंभीर नाही म्हणून वगळा, हा युक्तिवाद टिकत नाही. पण विनोदी पक्षांवरच्या बातम्या चटकदार आणि आखूड असतात. ‘सविस्तर’चा रकाना तिथे जास्त कडकपणे तपासा.

संपलेला पक्ष. एकदा मिळालेली उल्लेखनीयता जात नाही. पक्ष आज अस्तित्वात नाही, हे पान काढायचे कारण होत नाही.

नुकताच स्थापन झालेला पक्ष. थांबा. धूळपाटीवर (आपल्या कच्च्या कामाच्या पानावर) मसुदा ठेवा, पहिली निवडणूक होऊ द्या. निकालानंतरच्या महिन्यात विश्लेषणे येतात आणि प्रश्न आपोआप सुटतो. (मसुदा विसरू मात्र नका, इंग्रजी विकिपीडियात मसुदा नामविश्वातल्या (मसुद्यांसाठी राखलेल्या विभागातल्या) पानाला सहा महिने कुणी हात लावला नाही, तर ते वगळले जाऊ शकते.)

नावाचे साम्य. १९९४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत डेव्हन अँड ईस्ट प्लिमथ मतदारसंघात रिचर्ड हगेट ‘लिटरल डेमोक्रॅट’ म्हणून उभे राहिले आणि त्यांनी दहा हजारांवर मते घेतली. खऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा उमेदवार ७०० मतांनी हरला. ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये पक्षनोंदणीचा कायदा आला, त्यामागे अशा प्रकारांचा मोठा वाटा होता. उमेदवाराच्या नावापुढचे बिरुद म्हणजे संघटना असेलच असे नाही. अशा वेळी लेख घटनेवर किंवा निवडणुकीवर असतो. शोध घेतानाही साम्य नडते: सापडलेली बातमी दुसऱ्याच राज्यातल्या त्याच नावाच्या पक्षाची तर नाही ना, हे संस्थापकाच्या नावावरून ताडून पाहा.

लेख होत नसेल तर

‘नाही’ म्हणजे माहिती फेकून देणे नव्हे. पक्षांच्या यादीत एक ओळ, निवडणुकीच्या लेखात निकालाची नोंद, संस्थापकाच्या किंवा मूळ पक्षाच्या लेखात एक परिच्छेद, असे तीन पर्याय असतात. यादीतल्या ओळीलाही निदान एक स्वतंत्र संदर्भ मागा, नाहीतर यादी जाहिरातीचा फळा होते. मजकूर दुसऱ्या पानात हलवताना संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या टिपेत) तो कुठल्या पानावरून आणला ते नोंदवा. विकिपीडियाच्या परवान्यानुसार मूळ लेखकांचे श्रेय राखावे लागते. जुन्या पानाचा इतिहास न पुसता त्याचे पुनर्निर्देशन करा. पुढे स्रोत सापडले तर तिथूनच लेख परत उभा करता येतो.

लेख होत असेल तर

पहिले वाक्य कोरडे ठेवा: कुठल्या देशातला किंवा राज्यातला, कधी स्थापन झालेला, कुणी स्थापन केलेला पक्ष. विचारसरणीचे लेबल पक्षाच्या पत्रकातून उचलू नका आणि विरोधकांच्या भाषणातूनही नको. अभ्यासकांनी वापरलेला शब्द घ्या. अभ्यासकांत एकमत नसेल तर कोण काय म्हणतो ते लिहा. सदस्यसंख्या जवळपास नेहमी पक्षाने सांगितलेली असते, म्हणून ‘पक्षाच्या दाव्यानुसार’ असे लिहा किंवा गाळा. माहितीचौकटीत (लेखाच्या कडेच्या तक्त्यात) हे ‘दाव्यानुसार’ मावत नाही, तेव्हा तिथे हा आकडा नकोच.

निकालाच्या तक्त्यात सर्वांत जास्त चुका टक्केवारीत होतात. भारतीय निवडणूक आयोगाच्या अहवालांत पक्षाची एकूण वैध मतांतली टक्केवारी आणि त्याने लढवलेल्या जागांवरची टक्केवारी वेगवेगळी दिलेली असते. दहा जागा लढवणाऱ्या पक्षाबाबत दुसरी संख्या पहिलीच्या कितीतरी पट असते. एका वर्षाला एक आणि पुढच्या वर्षाला दुसरी घातली की पक्ष कोसळला किंवा उसळला असे खोटेच चित्र उभे राहते. रकान्याच्या डोक्यावर कुठली टक्केवारी ते लिहा. शेजारी लढवलेल्या जागा, जिंकलेल्या जागा आणि जप्त अनामती द्या.

हयात व्यक्तींवरचे आरोप भक्कम संदर्भाशिवाय एक मिनिटही ठेवू नका. आणि आपण त्या पक्षाचे सदस्य, कार्यकर्ते किंवा पगारी प्रचारक असाल तर ते सदस्यपानावर जाहीर करा आणि थेट संपादन न करता चर्चापानावर सुचवा. पैसे घेऊन केलेले संपादन जाहीर करणे विकिमीडियाच्या वापर-अटींनुसार बंधनकारक आहे.

वगळण्याच्या चर्चेत

इंग्रजी विकिपीडियात ही चर्चा किमान सात दिवस चालते; लहान प्रकल्पांत दोन-तीन जणच बोलतात आणि निर्णय प्रचालक घेतो. पान वगळायला सुचवणाऱ्याने आधी स्वतः शोध घ्यायचा असतो. पानावर संदर्भ नाहीत एवढ्यावर प्रस्ताव टाकणे हा आळस आहे. पान राखायचे असेल तर उत्तम तीन स्रोत निवडून प्रत्येकाच्या पुढे एका ओळीत लिहा: कुणी लिहिला, पक्षावर किती मजकूर, कशाबद्दल. पंचवीस दुवे ओतले की वाचणारा पहिले दोन उघडतो. ते फुसके निघाले की बाकीच्यांनाही तसेच समजतो.

‘त्या दुसऱ्या पक्षाला लेख आहे’, ‘पक्ष झपाट्याने वाढतोय’, ‘लोकशाहीत छोट्यांचा आवाज हवा’ आणि ‘असल्या विषारी पक्षाला प्रसिद्धी कशाला’ ही चार वाक्ये मोजली जात नाहीत. शेवटच्या वाक्याकडे जरा थांबून पाहा. आपल्याला न आवडणाऱ्या पक्षाच्या बाबतीत ‘सविस्तर’चा रकाना आपोआप कडक होतो आणि आवडत्या पक्षाबाबत सैल. उपाय सोपा आहे: तक्त्यातले पक्षाचे नाव झाका, विरुद्ध टोकाच्या एखाद्या पक्षाचे नाव तिथे आहे असे समजा आणि रकाने पुन्हा भरा. उत्तर बदलले तर आधीचा तक्ता चुकला. कार्यकर्त्यांच्या गटात संदेश टाकून नवी खाती गोळा करणे तर उलटेच पडते, कारण निर्णय डोकी मोजून होत नाही आणि अशा खात्यांचा इतिहास सगळ्यांना दिसतो.

पान वगळले गेले तर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा बनवू नका. जुना मजकूर तसाच परत आला की तो चर्चेविनाच जातो. प्रचालकाला विनंती करून मजकुराची प्रत आपल्या धूळपाटीवर मागून घ्या. पुढची निवडणूक, एखादा प्रबंध किंवा न्यायालयीन निकाल आला, की तक्त्यात त्याची नवी ओळ भरा, आणि चार ‘हो’ मिळाले की त्याच प्रचालकाला नवे स्रोत दाखवून मग पान परत आणा.